अडुसष्ट किलोंचा माणूस

मागच्या वर्षीपर्यंत आमचे हे खुर्चीतून उठायच्या आधी खुर्चीला नावं ठेवायचे. "फार खोल केलीय मेल्यांनी," असं म्हणायचं, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर दाबायचे, एकदा पुढे झुकून परत मागे यायचं आणि दुसऱ्या झोक्याला कसंबसं उठायचं. खुर्ची आमच्या लग्नातली. घरात जागा होईना म्हणून खाली दुकानात नेली, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. ती कधीच खोल नव्हती. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "लाकूड दबतं गं." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्याने काढली त्याने आमच्या ह्यांना नक्की पाहिलं असणार.

आमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. वर घर, खाली दुकान, आणि दुकान रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली. भर दुपारी ट्यूब लावावी लागते. सकाळी हे जिन्याने उतरतात ते संध्याकाळी जिन्यानेच वर येतात, त्यामुळे ऊन त्यांना भेटतं ते दार उघडून येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पाठीमागून, आणि दार लागलं की तेही जातं. मी गल्ल्यावर बसते, फोन घेते आणि पावत्या फाडते. काट्यातलं मला कळतं तेवढं कळतं. ह्यांच्यातलं जास्त कळतं असं मला वाटत होतं.

मोठा काटा दुरुस्त झाला की तो खरं बोलतो का ते बघायला लोखंडी वजन असतं. आमच्याकडचं वीस किलोचं, सरकारी शिक्का मारलेलं, वर धरायला कडी. ते उचलून काट्यावर ठेवायचं, काट्याने वीस दाखवले की काम झालं. पण ह्यांची त्यापुढे स्वतःची एक रीत होती. वजन ठेवून झालं की शेवटी स्वतः काट्यावर चढायचं. अडुसष्ट. लग्नात अडुसष्ट, लेक झाली तेव्हा अडुसष्ट, सत्तरी ओलांडली तरी अडुसष्ट. गिऱ्हाइकांना ह्याचं भारी कौतुक. "मापकाका चढले का?" असं विचारायचे, आणि हे चढल्याशिवाय काटा न्यायचे नाहीत. दर सोमवारी दुकान उघडलं की आधी आमच्याच मोठ्या काट्यावर उभं राहायचं, तबकडीकडे बघून मान डोलवायची, मग कामाला लागायचं. पगारी माणसं हजेरी लावतात तसं.

तर एका रविवारी लेकीकडे गेलो होतो. तिने नवा सोफा घेतला होता, बसलं की माणूस आत जाईल असा. हे बसले, गप्पा झाल्या, जेवायला हाक आली आणि ह्यांना उठता येईना. पहिल्या झोक्याला सगळे हसले. दुसऱ्या झोक्याला हेही हसले. तिसऱ्या झोक्यानंतर कुणी हसेना. शेवटी जावयाने काखेत हात घालून उभं केलं, तेव्हा शर्टाची बाही वर सरकली आणि मला ह्यांचा दंड दिसला. इतकी वर्षं शेजारी झोपते मी. हा दंड कुणाचा, असं मला वाटलं. पोट पुढे आलेलं आणि हात काडीसारखे.

परतताना हे सारखी बाही खाली ओढत होते. मी म्हटलं, "वाळलाय तुम्ही."

"अडुसष्ट आहे," हे म्हणाले.

आमच्या घरात काटा बोलला की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. मी गप्प बसले, पण मला झोप लागली नाही, कारण माझे थोरले दीर असेच गेले. गेले म्हणजे तेव्हा वारले नाहीत. आधी खुर्चीत बसले ते बसलेच. मग खुर्चीतून पलंगावर गेले आणि पुढची कितीतरी वर्षं कुशीवर वळायलाही माणूस लागायचा. डोकं शेवटपर्यंत शाबूत. जाऊबाईंना म्हणायचे, "मला फक्त उभं कर गं एकदा." माझं मागणं एकच होतं. ह्यांच्या तोंडून ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी ह्यांना आधी हात छातीशी धरून खुर्चीतून उठायला सांगितलं. हे खुर्चीकडे बघत म्हणाले, "खोल आहे." मग एक यंत्र मुठीत दाबायला दिलं, रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी केली. सगळं हाती आल्यावर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. अंगातले स्नायू झिजलेत. यकृतावर चरबी चढलीय. आणि ड जीवनसत्त्व इतकं कमी आहे की जवळपास नाहीच.

"पण माझं वजन तेच आहे," हे म्हणाले.

"तीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या. "पोतं तेवढंच दिसतंय, आतला माल बदललाय. स्नायू गेले, चरबी आली. काट्याला दोन्ही सारखंच."

हे ताठ बसले. स्वतःला नावं ठेवली तर ह्यांना एवढं वाटत नाही, काट्याला ठेवली की लागतं. मी मधे पडून विचारलं, की ह्या तिघांतलं आधी कोण आलं? ड कमी म्हणून स्नायू गेले, की स्नायू गेले म्हणून चरबी चढली, की चरबीमुळे ड कमी झालं? बाईंनी खरं ते सांगितलं, की ह्या वयात हे तिघं बऱ्याचदा एकत्र सापडतात, एकमेकांना हातभार लावतात, पण ह्यांच्या बाबतीत कुणी कुणाला आणलं ते नक्की सांगता येत नाही. म्हणजे घरात तीन पाहुणे येऊन पसरलेत आणि कोण कुणाच्या ओळखीने आला ते यजमानालाच माहीत नाही. मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

आणि यकृत म्हटल्यावर माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. यकृत बिघडलं की लोक बाटलीचं नाव घेतात. माझा नवरा खाली तळघरात दिवसभर एकटा. दुसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेल्यावर मी दुकानात जाऊन तेलाच्या, रॉकेलच्या, थिनरच्या सगळ्या बाटल्या हुंगून आले. थिनरने डोकं गरगरलं, बाकी काही सापडलं नाही. सापडलं ते खणात. पेचकसांच्या खाली बिस्किटांचे डबे आणि बेकरीवाल्याचे गोड पाव. बेकरीवाला आमचं जुनं गिऱ्हाईक. रोज दुपारी एक पाव प्रेमाने पाठवायचा. हे तो चार चमचे साखरेच्या चहात बुडवून खायचे आणि मग रात्री मला सांगायचे, "भूक नाही." मी फोन करून बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, दारूचा थेंब न घेणाऱ्यांनाही हे होतं. मला हायसं वाटलं आणि बाटल्या हुंगल्याची लाजही वाटली. ह्यांना मी ते आजतागायत सांगितलेलं नाही.

मग सुरू झाला घरात गोंधळ. बाईंनी सांगितलं, जास्त खा. बाईंनी सांगितलं, कमी खा. म्हणजे अंडी, मासे, डाळी, दही जास्त, आणि साखर, पाव, बिस्किटं कमी, पण ह्यांच्या कानात दोनच शब्द गेले आणि ते एकमेकांशी भांडत बसले. इतकी वर्षं मी म्हणत आले, वय झालं, दगदग करू नका, द्या मी आणते. बाई म्हणाल्या, दगदग करू द्या, काही आणून देऊ नका. मला तर कुणी कानाखाली लावल्यासारखं झालं. ज्याला मी सेवा समजत होते ती सेवा नव्हतीच की काय? दिरांच्या घरीही जाऊबाई असंच सगळं हातात देत होत्या.

उन्हाचं तर विचारू नका. रोज थोडा वेळ हातपाय उघडे टाकून उन्हात बसा, असं सांगितलं होतं, आणि आठवड्याला घ्यायची एक गोळी. हे वरच्या खोलीत बंद खिडकीशी बाह्या वर करून बसायला लागले. वारा नको म्हणून तावदान लावलेलं. आठ-दहा दिवस मी अभिमानाने सगळ्यांना सांगत होते, आमचे हे ऊन खातात. बाईंना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, काचेतून येणारं ऊन ऊब देतं, ड देत नाही.  दिसतंय ऊन, लागतंय ऊन, पण ते ऊन नव्हे. त्यानंतर हे समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसायला लागले, आणि येणारा-जाणारा विचारायला लागला, "मापकाका, दुकान बंद केलं का?"

व्यायाम एकच होता. खुर्चीत बसायचं, उठायचं. परत बसायचं, परत उठायचं. आणि जमिनीवरची पाण्याने भरलेली कळशी पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून उचलायची, स्टुलावर ठेवायची, परत खाली ठेवायची. हे म्हणायचे, "ह्याला काय अर्थ आहे? भरलेली कळशी उचलून परत तिथेच ठेवायची. बिनकामाचा हमाल केलाय मला." पण करायचे. कुरकुरत, खुर्चीला शिव्या घालत करायचे, कारण थोरला भाऊ त्यांनाही आठवत होता. आम्ही त्याचं नाव काढत नव्हतो एवढंच.

दोन-तीन महिन्यांनी मला वाटायला लागलं की फरक पडतोय. जिना चढताना कठड्यावरचा हात सुटला. पॅंट ढिली झाली, पट्ट्याला मला खिळ्याने नवं भोक पाडून द्यावं लागलं. पण सोमवारी हे काट्यावर चढायचे, खाली उतरून पेचकस घ्यायचे, काट्याच्या पोटात काहीतरी पिळायचे, परत चढायचे आणि तोंड पाडून म्हणायचे, "अडुसष्ट. बघ. नुसता घाम गाळतोय मी."

"मग पेचकस कशाला?" मी विचारलं.

"हल्ली काटा जरा ढिला पडतो. जुना झालाय."

आम्ही सगळेच जुने झालोय, असं मनात म्हणून मी पावत्या फाडायला लागले. पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या काट्यावर चढले तर साडेचौसष्ट. डॉक्टरीणबाई खूश. पोट कमी झालंय, मुठीतला जोर वाढलाय, रक्तातलं ड वाढलंय, असंच चालू ठेवा, म्हणाल्या. हे खाली वाकून त्यांच्या काट्याच्या पायांकडे बघत होते.

"हा शेवटचा कधी तपासला होता?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"साडेतीन किलोंनी कमी दाखवतोय. तुमचे बाकीचे रोगीही चुकत असतील."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी दोघांकडेही बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला समजेना कुणावर विश्वास ठेवायचा. पट्टा म्हणत होता उतरलंय, दवाखाना म्हणत होता उतरलंय, आणि ज्याने जन्मभर काटे सरळ केले तो माणूस म्हणत होता काही झालेलं नाही. मीही शेवटी त्याच घरातली. आत कुठेतरी मला वाटलं, हेच बरोबर असणार.

त्या बुधवारी दुपारी ह्यांनी कळशी उचललीच नाही. खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. मी विचारलं, तर म्हणाले, "सोडतो मी हे. चार महिने झाले, काडीचा फरक नाही. जे व्हायचं ते होईल. दादाचं झालं, माझं होईल." दादा म्हणजे तेच, माझे दीर. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी नाव घेतलं आणि तेही असं.  मी रागावून काहीतरी बोलले, मग समजावून काहीतरी बोलले, दोन्ही पालथ्या घड्यावर पाणी. हे तबकडीकडे बघत बसले.

तेवढ्यात पायऱ्यांवरून बेकरीवाला उतरला. मागून त्याचा ड्रायव्हर बेकरीचा मोठा काटा ओढत आणत होता. बेकरीवाल्याने गल्ल्यावर एक पाव ठेवला. बसका, रुंद, कडेने पसरलेला.

"हे काय, पाव आहे की चप्पल?" मी म्हटलं.

"तेच विचारायला आलोय, काकू," तो म्हणाला. "महिना झाला, पीठ सैल होतंय. पाणी मी ठरलेल्या बादलीनेच घालतो. यीस्ट बदललं, भट्टीवाला बोलावला, कारागिराला नाही नाही ते बोललो. आज गिरणीतून शिवलेलं पोतं आलं, पन्नास किलोचं. सहज काट्यावर टाकलं तर बावन्नच्या पुढे. आमचा गिरणीवाला मला दोन किलो फुकट देईल का? ज्या दिवशी देईल त्या दिवशी मी बेकरी बंद करून भजन करीन."

हा काटा ह्यांनी महिन्यापूर्वीच दुरुस्त करून दिला होता. ह्यांनी खुर्चीच्या हातांवर हात दाबले, उठले, आणि सरळ त्याच्या काट्यावर चढले. काटा सरकला, थांबला. अडुसष्टच्या केसभर अलीकडे.

"बरोबर आहे," हे म्हणाले. "तुझी गिरणी चुकतेय."

बेकरीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पावाकडे बघावं तर काटा खोटा, मापकाकांकडे बघावं तर काटा खरा. "काका चढले म्हणजे बरोबरच असणार," असं म्हणून तो पाव उचलायलाही लागला.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "लोखंडी वजन ठेवून बघा की."

"कशाला?" हे म्हणाले. "मी चढलो ना."

"चढलात. आता तेही ठेवा."

"नको म्हटलं ना."

चाळीसच्या वर वर्षं झाली लग्नाला. 'नको'चे किती प्रकार असतात ते मला माहीत आहे. हा 'नको' मी आधी ऐकलेला नव्हता. मी उठले आणि कोपऱ्यात गेले. वीस किलोचं वजन नेहमीच्याच जागी होतं, पण त्याच्यावर गोणपाट टाकलेलं. गोणपाट उचललं तर कडीला कोळ्याचं जाळं. हे काट्यावर चढतात ते आम्ही सगळे बघत होतो, वजन कुणी उचलत नाही ते मीही बघितलं नव्हतं. ह्या दुकानात एक काळ असा होता की ते वजन रोज तेलाच्या फडक्याने पुसलं जायचं, आणि लेक लहानपणी त्याला हात लावायला गेली तर तिला ओरडा बसायचा.

बेकरीवाला शहाणा. "गाडी रस्त्यात लागलीय, बघून येतो," म्हणाला आणि ड्रायव्हरला घेऊन वर गेला.

"किती दिवस झाले हे उचलून?" मी विचारलं.

ह्यांनी पेचकस एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "वर्ष-दीड वर्ष झालं असेल. जास्तच. एकदा उचलायला गेलो, जागचं हलेना. मला वाटलं, ह्यालाच काहीतरी झालंय."

"कशाला?"

"वजनाला. गंज चढतो, मळ बसतो. भारी होत असेल."

"विसाचं तीस झालं?"

"वाटलं खरं," हे म्हणाले, आणि इतके खजील दिसले की मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. आपला हात गेलाय हे मानण्यापेक्षा ह्या माणसाला लोखंड वाढलं हे मानणं सोपं गेलं होतं. "मग म्हटलं, मी आहे की. माझं वजन कधी हलत नाही. लोकांनाही मीच हवा असतो. चाललं की सगळं नीट."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू उचलायला धावली असतीस."

ते खरंच होतं. आताही मी धावले, कडीला हात घातला. ह्यांनी माझा हात बाजूला केला. "तुझी कंबर," म्हणाले. मग वजनासमोर उभे राहिले, बराच वेळ. एकदा दाराकडे पाहिलं. बेकरीवाला येत नव्हता. मग कळशी उचलायचे तसेच पाठ सरळ ठेवून, गुडघ्यात वाकून त्यांनी दोन्ही हातांनी कडी धरली.  वजन हललं. जमिनीपासून सुटलं. ह्यांचा चेहरा लाल, ओठ दाबलेले. स्टुलावर टेकवलं, दम घेतला, परत उचललं आणि बेकरीवाल्याच्या काट्यावर ठेवलं. धपकन आवाज झाला, पण ठेवलं.

काटा वीसवर थांबला नाही. पुढे सरकून एकवीसपाशी थांबला.

"बघ, वाढलंय लोखंड," असं हे म्हणतील की काय, ह्या भीतीने मी तोंड उघडलंच नाही. पण हे वाकले. काट्याभोवती फिरले, पाय बघितले, वजन उतरवून परत ठेवलं. एकवीस. मग आमच्या मोठ्या काट्यावर ठेवलं. तिथे एकवीसच्या थोडं पुढे. त्या वजनावर सरकारी शिक्का आहे. ह्या दुकानात काहीही खोटं असू शकतं, ते असू शकत नाही, हे मला लग्न होऊन आल्या आल्या शिकवलं गेलं होतं. हे खाली बसले आणि काट्याच्या पोटात हात घालून चार महिन्यांत पिळलेलं सगळं उलटं फिरवत गेले. सोमवारमागून सोमवार पिळलेलं. काट्याने वीस दाखवल्यावर वजन काढलं आणि स्वतः चढले.

साडेचौसष्ट.

"म्हणजे काटे ढिले पडत नव्हते," हे हळूच म्हणाले.

मला समजायला अजून थोडा वेळ लागला. दर सोमवारी ह्यांचं वजन थोडं उतरत होतं, आणि दर सोमवारी हे काट्याला पिळून परत अडुसष्टवर आणत होते. आणि काटे फक्त आमचेच नव्हते. पार्सलवाल्याचा, खिळे-मोळे विकणाऱ्याचा, भाजीबाजारातले दोन, हा बेकरीचा. चार महिन्यांत ह्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक काटा ह्यांनी स्वतःला खरं मानून खोटा केला होता. आजारी होते तेव्हा माप बरोबर होतं. बरे व्हायला लागले आणि सगळ्या बाजारात गोंधळ केला. मला ह्यावर आनंद करावा की डोकं धरावं कळेना. दोन्ही एकदमच झालं.

हे अजून काट्यावरच उभे होते. तबकडीकडे असं बघत होते की जणू तिथे अनोळखी माणसाचा पत्ता लिहिलाय.

"मग इतके दिवस इथे कोण उभं राहायचं?" त्यांनी विचारलं. थट्टेने नाही, खरंच विचारलं. "दीड वर्षापूर्वी, वजन हललं नाही तेव्हा? तेव्हाही अडुसष्टच होतो मी."

"तुम्हीच होतात," मी म्हटलं. "भेसळ झाली होती, एवढंच."

ते हसले नाहीत. पण उतरताना त्यांनी काट्याचा कठडा धरला नाही.

बेकरीवाला परत आला. ह्यांनी त्याला सरळ सांगितलं, की गिरणी बरोबर आहे, तुझा कारागीर बरोबर आहे, चूक माझी आहे. काटा आत्ता नीट करतो, आणि बाकीच्यांकडेही आजच जाऊन यायचंय, तुझी गाडी मिळेल का? बेकरीवाला म्हणाला, गाडी आहे, पण आधी मला हे सांगा की महिनाभर मी बिचाऱ्या कारागिराला बोललो त्याचं काय करू? त्याला एक दिवस सुट्टी दे, हे म्हणाले. गोड पाव त्याला दे, माझा बंद कर, असंही म्हणाले. बेकरीवाल्याला हे दुसरंच जास्त लागलं.

काटा गाडीत चढला. वजन न्यायला ड्रायव्हर पुढे झाला तर हे म्हणाले, "राहू दे, ते मी आणतो. तू दार धर." मग बूट घालायला म्हणून हे त्या खुर्चीत बसले. नाड्या बांधल्या. खाली ठेवलेला पेचकस आणि पान्हा दोन हातांत घेतले. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या नाहीत. हे पुढे झुकले आणि उठले. पहिल्याच खेपेला, दोन्ही हात हत्यारांनी भरलेले असताना.

उठल्यावर तिथेच थांबले. खुर्चीकडे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," हे म्हणाले. हत्यारं खिशात टाकली, वाकून वजनाची कडी धरली. "लाकूड फुगतं गं कधी कधी."

आणि एकेका पायरीवर थांबत, वजन दोन्ही हातांनी पोटाशी धरून हे वर उन्हात गेले.